भिंतीवरचे मुद्राचित्र

एलियाहू हन्नाबीच्या अग्निरथाची छापील तसबीर आमच्या घराघरांत आहे. शेजारची जागा मात्र बहुधा कॅलेंडरलाच मिळते. तैलचित्र पगारात बसत नाही, हे खरे. मुद्राचित्र बसू शकते. जेरुसलेममध्ये १९७४ साली स्थापन झालेल्या मुद्रण-कार्यशाळेत चित्रकार धातूच्या पत्र्यावर स्वतः आकृती कोरून मोजक्याच प्रती काढतात. खालच्या समासात शिसपेन्सिलीने १२/५० असे लिहिलेले असते, म्हणजे पन्नासांपैकी बारा क्रमांकाची प्रत, शेजारी सही. सहीदेखील छापील असेल, तर वाचकांनी सावध व्हावे, विक्रेता काहीही सांगो. कागदाला येथील ऊन सोसत नाही. मुंबईत जन्मलेल्या आपल्याच सिओना बेंजामिन यांच्या निळ्या कांतीच्या स्त्रिया पाहून आमच्यातील वडीलधारे नाक मुरडतात. मुले मात्र नावे विचारतात.