आज्ञा कोठे अडली?

इ. स. १८९८ मध्ये न्यूयॉर्क शहरातील एका विद्युत्-प्रदर्शनात निकोला टेस्ला या शास्त्रज्ञाने पाण्याच्या हौदात एक लहानशी नाव सोडली आणि काठावर उभे राहून ती बिनतारी लहरींनी हवी तशी वळवून दाखवली. पुढे १९३७ मध्ये अमेरिकेतील वॉल्टर व विल्यम गुड या जुळ्या भावांनी हीच किमया विमानाच्या प्रतिकृतीवर करून पाहिली, आणि त्यांचे विमान जमिनीवरून दिलेल्या आज्ञा पाळीत आकाशात फिरले.

आज हा छंद अनेकांच्या आवाक्यात आला आहे. परंतु विमान जोडून झाले म्हणजे ते उडेलच असे नाही. बॅटरी लावावी, दांडी हलवावी आणि विमान ढिम्म राहावे, हा अनुभव नवशिक्याला हटकून येतो. मग तो घाईने सगळ्या तारा उपटतो, पुन्हा खोचतो, दोन-चार बटणे फिरवतो. कधी कधी विमान चालूही लागते. पण बिघाड कशात होता ते कळलेलेच नसते. असा लपलेला बिघाड विमान उंचावर असताना पुन्हा उद्भवला, तर ते कोणाच्या डोक्यावर येऊन आदळेल याचा नेम नाही.

म्हणून प्रथम आज्ञेची वाट समजून घेऊ. आपल्या हातातील पेटीला ट्रान्समीटर म्हणतात. तिच्यावरील दांडी हलताच आज्ञा लहरींवाटे निघते. विमानाच्या पोटातील रिसीव्हर ती झेलतो आणि ‘सर्व्हो’ नावाच्या चिमुकल्या यंत्राकडे तारेतून पाठवतो. ही आज्ञा म्हणजे विजेचे बारीक ठोके होत. साधारणपणे सेकंदाला ५० ठोके येतात. ठोका दीड मिलिसेकंद टिकला, तर सर्व्होची भुजा मध्यावर राहते. तो एक मिलिसेकंद टिकला तर ती एका बाजूस वळते, दोन टिकला तर दुसऱ्या. भुजेला जोडलेली काडी शेपटीवरील सुकाणू हलवते. मोटारीला मात्र आज्ञा मिळते ती वेगनियंत्रकामार्फत. लहान विमानांत बहुधा हाच नियंत्रक रिसीव्हरला आणि सर्व्होंना सुमारे ५ व्होल्ट दाबाची वीजही पुरवतो. ही गोष्ट ध्यानात ठेवा. तिचे काम पुढे पडणार आहे.

तपासणीस बसण्यापूर्वी मोटारीचा पंखा काढून ठेवावा. मोटार अचानक सुरू झाली, तर तो बोटे कापू शकतो. येथे आळस उपयोगाचा नाही.

आता समजा, सुकाणू हलत नाही. पण विमानाचे नाक वर-खाली करणारी शेपटीची आडवी पट्टी नीट हलते. एवढ्यावरूनच बॅटरी आणि लहरी निर्दोष ठरल्या! सुकाणूच्या सर्व्होची तार काढून रिसीव्हरवर आडव्या पट्टीच्या जागी खोचा आणि त्या पट्टीची दांडी हलवा. सुकाणू हलले, तर सर्व्हो चांगला आहे. आज्ञा त्याच्या अलीकडे, म्हणजे ट्रान्समीटरमध्ये किंवा रिसीव्हरच्या त्या खाचेत अडली आहे. हलले नाही, तर दोष सर्व्होत, त्याच्या तारेत किंवा पुढच्या काडीत आहे. काडी सोडवून पाहा. मोकळी भुजा फिरू लागली, तर काडीच कोठे तरी अडकली होती असे समजावे. एका वेळी एकच बदल करावा. दोन केले, तर गुण कोणत्या बदलाने आला ते सांगता येत नाही.

पुष्कळदा तार उलटी खोचलेली असते. सर्व्होच्या तारेत तीन पदर असतात. मधला धन, एका कडेचा ऋण आणि दुसऱ्या कडेचा आज्ञेचा. धन पदर मध्ये ठेवण्यात मोठा शहाणपणा आहे, कारण तार उलटी बसली तरी तो आपल्या जागीच राहतो. सर्व्हो चालत नाही, पण सहसा जळतही नाही.

काहीच हलत नसेल, तर आधी बॅटरी पाहावी आणि मग रिसीव्हरची ट्रान्समीटरशी ओळख करून दिली आहे की नाही ते पाहावे. आजचा रिसीव्हर फक्त आपल्याच ट्रान्समीटरचे ऐकतो. पूर्वी तसे नव्हते. एकाच लहरीवर दोघांनी ट्रान्समीटर सुरू केले, की विमान कोसळत असे.

सर्वांत फसवा बिघाड म्हणजे मधूनच होणारा. सुकाणू एकटे हलवले तर ठीक, पण सगळे सर्व्हो एकदम हलवले की रिसीव्हर क्षणभर बंद पडतो. सर्व्हो एकदम जास्त वीज ओढतात, दाब कोसळतो आणि रिसीव्हर उपाशी राहतो. अशा वेळी रिसीव्हर बदलून काही साधत नाही. वेगनियंत्रक, बॅटरी आणि सैल जोडण्या तपासाव्या.

उड्डाणापूर्वी विमान एखाद्या मोठ्या माणसाला मागून घट्ट धरावयास सांगा. पुष्कळ ट्रान्समीटरांत शक्ती मुद्दाम कमी करण्याची सोय असते. ती वापरून सुमारे ३० पावले दूर जा आणि दांड्या हलवा. सुकाणू थरथरले किंवा थबकले, तर रिसीव्हरची अँटेना पाहा. तिचे सुमारे ३ सेंटिमीटरचे उघडे टोकच लहरी पकडते. ते बॅटरीला चिकटले असेल किंवा कार्बनच्या पट्टीआड गेले असेल, तर सोडवून मोकळ्या जागी बसवा आणि पुन्हा तीच ३० पावले चालून पाहा.