हवा ‘समाधानकारक’ असतानाही आरोग्याला धोका का?

प्रस्तावना

वायुप्रदूषण म्हटले की दिल्लीतला धुरकट हिवाळा आपल्या डोळ्यांसमोर येतो. या पाठासाठी मात्र आपण तुलनेने स्वच्छ समजले जाणारे शहर घेऊ: बेंगळुरू. या शहरातील एचएसआर लेआउट हा भाग होसूर रोड आणि आउटर रिंग रोड यांच्या लगत आहे. हे दोन रस्ते सिल्क बोर्ड चौकात मिळतात आणि हा चौक वाहनांच्या कोंडीसाठी देशभर प्रसिद्ध आहे. तेथे कर्नाटक राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाचे हवा मोजणारे केंद्रही आहे. अशा केंद्राने हवा ‘समाधानकारक’ म्हटली, तर तुम्ही निश्चिंत व्हावे का? हा या पाठाचा मुख्य प्रश्न आहे.

कण शरीरात कोठपर्यंत जातात?

हवेतील कणांचे वर्गीकरण त्यांच्या आकारावरून करतात. १० मायक्रोमीटर किंवा त्याहून लहान कणांना पीएम १० आणि २.५ मायक्रोमीटर किंवा त्याहून लहान कणांना पीएम २.५ म्हणतात. माणसाचा केस साधारण ५० ते ७० मायक्रोमीटर जाड असतो, यावरून या कणांच्या आकाराची कल्पना येईल.

मोठे कण नाकातील केसांत व चिकट द्रवात अडकतात. त्यापेक्षा लहान कण श्वासनलिकेपर्यंत जातात. तेथील केसांसारखे सूक्ष्म तंतू त्यांना कफासोबत वर ढकलतात आणि खोकल्यावाटे ते बाहेर पडतात. पीएम २.५ मात्र थेट वायुकोशांपर्यंत पोहोचतात. रक्तात प्राणवायू मिसळतो तो इथेच. येथील भक्षक पेशी कण गिळण्याचा प्रयत्न करतात, त्यातून दाह निर्माण होतो आणि दाह वाढवणारी रसायने रक्तात उतरतात. अतिसूक्ष्म कण तर स्वतःच रक्तात शिरू शकतात.

म्हणून हा केवळ फुप्फुसांचा प्रश्न राहत नाही. दाहामुळे रक्तवाहिन्यांच्या आतील अस्तराला इजा होते, रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढते आणि हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात येण्याची शक्यता वाढते. दमा आणि सीओपीडी असलेल्यांचा त्रास बळावतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये डिझेलच्या धुराला आणि २०१३ मध्ये बाहेरील हवेच्या प्रदूषणाला कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात टाकले.

नाक फसवते

एचएसआर लेआउटच्या रहिवाशांनी शेजारच्या कचरा प्रक्रिया केंद्राच्या दुर्गंधीविरुद्ध अनेक वर्षे तक्रारी केल्या आहेत. दुर्गंधी लगेच कळते, म्हणून माणूस तक्रार करतो. पण पीएम २.५ ची पातळी नाकाला ओळखता येत नाही. कार्बन मोनॉक्साइड वायूलाही वास नसतो, तरीही तो रक्तातील हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा २०० पटींहून अधिक घट्ट चिकटतो. वास येत नाही म्हणून हवा चांगली, असा निष्कर्ष काढता येत नाही. त्यासाठी मोजमाप लागते.

‘समाधानकारक’ म्हणजे किती?

पीएम २.५ साठी भारतीय मानक (२००९) २४ तासांच्या सरासरीला ६० आणि वार्षिक सरासरीला ४० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर इतके आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शक पातळ्या अनुक्रमे १५ आणि ५ आहेत.

आता एक उदाहरण सोडवू. समजा, एखाद्या दिवशी पीएम २.५ ची सरासरी ४५ आहे आणि इतर प्रदूषके कमी आहेत. राष्ट्रीय हवा गुणवत्ता निर्देशांकात पीएम २.५ ची ३१ ते ६० ही पातळी ‘समाधानकारक’ गटात येते, म्हणून तुमच्या मोबाइलवर हिरवट रंग दिसेल. पण हीच पातळी जागतिक मार्गदर्शक पातळीच्या तिप्पट आहे. कायद्याची मर्यादा ठरवताना आरोग्याबरोबरच व्यवहार्यतेचाही विचार केलेला असतो. तिच्याखाली धोका शून्य होतो, असा तिचा अर्थ नाही.

दहा शहरांचा अभ्यास

‘द लॅन्सेट प्लॅनेटरी हेल्थ’ या नियतकालिकात २०२४ मध्ये भारतातील दहा शहरांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात मुंबई, पुणे आणि बेंगळुरूही होती. २००८ ते २०१९ या काळातील सुमारे ३६ लाख मृत्यूंची दैनंदिन नोंद पीएम २.५ च्या पातळीशी ताडून पाहण्यात आली. दोन दिवसांच्या सरासरीत पीएम २.५ दर १० मायक्रोग्रॅमने वाढले, की दैनंदिन मृत्यू सरासरी १.४२ टक्क्यांनी वाढलेले दिसले. बेंगळुरूत ही वाढ ३.०६ टक्के होती, तर दिल्लीत केवळ ०.३१ टक्के.

हे आकडे नीट वाचा. ३.०६ टक्के म्हणजे शंभरातले तीन लोक मरतात असे नाही. समजा, एखाद्या शहरात रोज २०० मृत्यू होतात. तेथे ही वाढ साधारण ६ जादा मृत्यूंइतकी ठरेल. तसेच, दिल्लीची हवा निर्धोक आहे असाही याचा अर्थ नाही. तेथे एकूण बोजा सर्वांत मोठा आहे. धोक्याचा आलेख कमी पातळीवर झपाट्याने चढतो आणि जास्त पातळीवर सपाट होत जातो. त्यामुळे आधीच खूप प्रदूषित हवेत आणखी १० मायक्रोग्रॅमने पडणारा फरक लहान दिसतो. याची दुसरी बाजू आशादायक आहे: बेंगळुरूसारख्या शहरात हवा थोडी सुधारली, तरी लाभ मोठा मिळू शकतो.

तुम्ही काय करू शकता?

शरीरात जाणारी मात्रा तीन गोष्टींवर ठरते: हवेतील पातळी, श्वासाचा वेग आणि काळ. सिल्क बोर्ड चौकात तासभर उभा राहणारा वाहतूक पोलीस आणि बंद मोटारीतून जाणारा प्रवासी यांची मात्रा सारखी नसते. लहान मुले वजनाच्या मानाने जास्त हवा घेतात, म्हणून त्यांना धोका अधिक असतो.

• केवळ रंग पाहू नका, पीएम २.५ चा आकडा पाहा.
• चालायला किंवा धावायला मुख्य रस्त्याऐवजी आतील रस्ता निवडा. वाहनांच्या धुरातील अतिसूक्ष्म कण रस्त्यापासून काहीशे मीटरांत बरेच कमी होतात.
• मास्क वापरायचा तर चेहऱ्याला घट्ट बसणारा एन-९५ वापरा. कापडी रुमाल पीएम २.५ फारसे अडवत नाही.

हे उपाय वैयक्तिक आहेत आणि त्यांना मर्यादा आहेत. वाहतूक पोलिसाला किंवा फेरीवाल्याला रस्ता बदलता येत नाही. त्यांच्यासाठी वाहनांचा धूर, रस्त्यावरची धूळ आणि उघड्यावर कचरा जाळणे हे उगमापाशीच कमी करावे लागते.

स्वाध्याय

१. पीएम २.५ मुळे हृदयविकाराचा धोका का वाढतो, ते टप्प्याटप्प्याने लिहा.
२. तुमच्या जवळच्या मापन केंद्राचे सात दिवसांचे पीएम २.५ चे आकडे नोंदवा. किती दिवस भारतीय मानकाच्या आत होते आणि किती दिवस १५ च्या आत?
३. ‘मर्यादेच्या आत’ आणि ‘सुरक्षित’ या दोन शब्दप्रयोगांतील फरक स्वतःच्या शब्दांत स्पष्ट करा.