खिडकीतला बाटलीमळा

पाण्याच्या रिकाम्या बाटल्या एकीखाली एक टांगायच्या, वरचीचं तोंड खालचीत सोडायचं, प्रत्येकीच्या पोटाला भोक पाडायचं आणि त्यातून लेट्यूस, बेझिल, केलची पानं उजेडाकडे काढायची. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये ब्रिटा रायली यांनी 2009च्या सुमारास आपल्या फ्लॅटच्या खिडकीत हा मळा टांगला. पुढे तो ‘विंडोफार्म्स’ नावाने देशोदेशी गेला. थोडं तरी अन्न स्वतः पिकवा, हा लेखक मायकेल पोलन यांचा आग्रह रायली यांनी वाचला होता. पण अंगण नसलेल्या माणसाने पिकवायचं कुठे?

इथे माती नाही. मुळं भाजलेल्या मातीच्या हलक्या गोळ्यांत रुजतात आणि पोषकद्रव्यं मिसळलेलं पाणी वरून ठिबकत बाटलीमागून बाटली खाली उतरतं. खरी गंमत आहे ते पुन्हा वर चढवण्यात. त्यासाठी माशांच्या टाकीत बुडबुडे सोडणारा साधा एअर पंप पुरतो. तो पाण्याला हातही लावत नाही, बारीक नळीत तळाशी फक्त हवा सोडतो. या जोडणीसाठी कित्येकांनी चेंडूत हवा भरायची सुई वापरली. नळीत घोटभर पाणी, मग हवा, मग पुन्हा पाणी अशी रांग लागते. हवेमुळे आतला स्तंभ हलका होतो आणि भोवतालच्या पाण्याचा भार त्याला वर रेटतो. पाण्यात फिरणारा एकही भाग नाही, म्हणून तिथे झिजण्यासारखंही काही नाही. आवाज मात्र येतो. रात्रभर उशाशी गुडगुड कोण ऐकणार? मग कोणी टायमर लावला, कोणी आवाज दाबायच्या युक्त्या शोधल्या. पारदर्शक बाटलीत ऊन शिरलं की शेवाळ धरतं, त्यामुळे दिसायला सुंदर असलेली बाटली शेवटी झाकावीच लागते.

रायली यांनी आराखडा खुला ठेवला. लोकांनी तो करून पाहिला, बिघडवला, सुधारला आणि सुधारणा इतरांना कळवल्या. फिनलंडमधल्या एकाने तिथल्या अंधाऱ्या हिवाळ्यासाठी एलईडी दिवे जोडले. मला वाटतं, या धिटाईचं निम्मं श्रेय भंगाराला द्यायला हवं. फुकटच्या बाटलीला चुकीच्या जागी भोक पडलं तर कोण हळहळतं? दुसरी घ्यायची.

पुढे 2011मध्ये किकस्टार्टर या संकेतस्थळावर अडीच लाख डॉलरहून अधिक वर्गणी जमली, ती खास घडवलेल्या, विकत घ्यायच्या संचासाठी. कापाकापीची कटकट नको असलेल्यांची त्याने सोय झाली, हे खरंच. पण कचऱ्यातल्या बाटलीची जागा नव्या कोऱ्या प्लॅस्टिकने घेतली आणि विकत आणलेल्या वस्तूला भोक पाडताना हात अडखळतोच.

जुन्या रीतीने आजही कोणी हा मळा उभारू शकतो. पालेभाजी आणि स्ट्रॉबेरीपर्यंत त्याची मजल जाते. गाजर-बटाट्याची अपेक्षा त्याच्याकडून ठेवू नये.