थंडीच्या पहाटे कुक्कुटगृहातील ट्यूब का लागत नाही?

अंडी देणाऱ्या कोंबड्यांना दररोज सुमारे 16 तास प्रकाश द्यावा लागतो. दिल्लीच्या परिसरात डिसेंबरअखेरीस दिवस जेमतेम सव्वादहा तासांचा असतो. उरलेला प्रकाश दिव्यांनी, आणि तोही बहुधा पहाटे, म्हणजे थंडी सर्वाधिक असताना पुरवला जातो. त्या वेळी ट्यूब नुसत्याच लुकलुकत राहिल्या, तर प्रकाशाचा काळ घटतो आणि अंडी कमी होतात. दोष मात्र खाद्याला दिला जातो. दुपारी आलेल्या वायरमनसमोर तीच ट्यूब लगेच लागते. म्हणून तपासणी पहाटेच करावी.

स्टार्टरमधील धातूची पट्टी तापून जुळते, तेव्हा ट्यूबच्या दोन्ही टोकांच्या तारा गरम होतात. पट्टी थंड होऊन सुटताच चोक क्षणभर मोठा दाब देतो आणि आतील वायूतून प्रवाह सुरू होतो. थंडीत ट्यूबमधील पाऱ्याची वाफ कमी असते. त्यामुळे सुरू होण्यास अधिक दाब लागतो. साधारण 10 अंश सेल्सिअसखाली साध्या ट्यूबची खात्री देता येत नाही. त्यातच व्होल्टेज उतरलेले असेल, तर तारा पुरेशा तापत नाहीत. काचेवरील धूळ दवाने ओली झाली, तरीही अडचण वाढते.

प्रथम सर्व दिवे चालू ठेवून व्होल्टेज मोजावे. ते 230 च्या आसपास असल्यास स्टार्टर बदलून पाहावा; हा सर्वांत स्वस्त भाग असून बहुतेक वेळा दोष येथेच आढळतो. टोके स्थिर लालसर दिसत असतील, पण ट्यूब लागत नसेल, तर स्टार्टर चिकटला आहे असे समजावे. टोके काळी पडलेली ट्यूब काढूनच टाकावी. कुक्कुटगृहातील अमोनियामुळे होल्डरचे संपर्क गंजतात, याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. मुख्य स्विच बंद करून ते साफ करावेत. धातूच्या पट्टीला अर्थिंग असावे. सुरक्षिततेबरोबर ट्यूब सुरू होण्यासही त्याची मदत होते.

लुकलुकणारी ट्यूब तशीच ठेवू नये. प्रत्येक फसलेल्या प्रयत्नात तिच्या तारांवरील लेप झिजतो. थंड वाऱ्याच्या झोतातील ट्यूबला पारदर्शक आवरण असलेले फिटिंग उपयोगी पडते.

एलईडी ट्यूबला थंडीची ही अडचण येत नाही. मात्र चोक व स्टार्टर ठेवायचे की काढायचे, हे त्या ट्यूबसोबतच्या आकृतीनुसारच ठरवावे. जुन्या ट्यूबमध्ये पारा असतो. त्या फोडून उकिरड्यावर टाकू नयेत.