बर्फावरील घटोत्कच

कर्णाची अमोघ शक्ति घटोत्कचावर खर्ची पडली, तेव्हां पांडवांच्या गोटांत शोक पसरला. एकटा श्रीकृष्ण मात्र आनंदला, कारण जिच्यासाठीं अर्जुनाची काळजी होती ती शक्ति आतां संपली होती. ही कथा मुलांना सांगतांना आपण अर्जुन वांचला एवढ्यावर थांबतों. घटोत्कचाविषयीं फारसें कोणी विचारीत नाहीं. उत्तर अमेरिकेंतील एका खेळानें घटोत्कचाचा रीतसर पेशाच बनविला होता. त्या पेशाची अखेर कशी होते, हें आमच्या वाचकांस कळावें म्हणून हा लेखनप्रपंच.

तो खेळ म्हणजे बर्फावरील हॉकी. आमच्या धामणगांव रेल्वेच्या उन्हांत बर्फ दिसतो तो सरबतांत. परंतु कॅनडांत तळींच्या तळीं गोठतात, आणि मुलें पोलादी पात्यांचे जोडे घालून त्यांवर खेळतात. प्रत्येक बाजूस गोलरक्षकासह सहा गडी, आणि चेंडूऐवजीं रबराची चपटी चकती. अंगावर धडक देणें नियमांत बसतें. आपला कुशल गडी अशा धडकांनीं जायबंदी होऊं नये म्हणून धंदेवाईक संघ एखादा दांडगा गडी पदरीं बाळगूं लागले. कोणीं आपल्या मोहऱ्याची आगळीक केली, कीं यानें हातमोजे टाकून मुठींनीं हिशेब चुकवावा. पंच उभयतांस पांच मिनिटें बाहेर बसवितात, इतकेंच. विख्यात खेळाडू वेन ग्रेट्स्की एडमंटन संघांत असतांना त्याच्या पाठीशीं डेव्ह सेमेन्को असाच उभा असे.

या पेशांतील डेरेक बूगार्ड याचें चरित्र विचार करण्यासारखें आहे. तो १९८२ सालीं कॅनडांतील सॅस्काटून येथें एका पोलिसाच्या घरीं जन्मला. उंची साडेसहा फुटांवर, वजन अडीचशें पौंडांहून अधिक. राष्ट्रीय हॉकी लीगमध्यें २००५ पासून तो २७७ सामने खेळला. त्यांत त्याचे गोल अवघे ३, आणि शिक्षेचीं मिनिटें ५८९! तरीही २०१० सालीं न्यूयॉर्कच्या संघानें त्याच्याशीं चार वर्षांचा, ६५ लाख डॉलरांचा करार केला. त्याच डिसेंबरांत एका मारामारींत डोक्यास मार बसला, आणि तो पुन्हां सामन्यांत उतरला नाहीं. वेदनाशामक औषधांचें व्यसन त्यास आधींच जडलें होतें. १३ मे २०११ रोजीं मद्य व तसलें औषध एकत्र पोटांत गेल्यानें त्याचा अंत झाला. वय २८. पुढें बोस्टन विद्यापीठांत त्याचा मेंदू तपासतां, वारंवार बसलेल्या आघातांनीं होणारा रोग त्यांत बराच बळावलेला आढळला. हा रोग निश्चित ओळखतां येतो तो मरणोत्तरच. २०१० सालीं ४५ व्या वर्षीं वारलेल्या बॉब प्रोबर्टच्या मेंदूंतही तोच आढळला होता.

अलीकडे अशा मारामाऱ्या बऱ्याच कमी झाल्या आहेत. परंतु मारामारी सुरू होतांच टाळ्या पिटीत उभे राहणारे प्रेक्षक या पापाचे वांटेकरी नव्हेत काय?

बळाचा तिटकारा आम्हांस मुळींच नाहीं. आमच्याच अमरावतीस वैद्य बंधूंनीं १९१४ सालीं श्रीहनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचा पाया घातला, आणि १९३६ सालीं त्या मंडळाच्या पथकानें बर्लिन ऑलिंपिकच्या वेळीं आपले देशी खेळ जगास दाखविले. त्यांत हुतुतूही होता. हुतुतूंत झटापट असते, गडी ‘मरतो’ही, पण सोबत्यानें प्रतिपक्षाचा गडी बाद करतांच तो ‘जिवंत’ होऊन मैदानांत परततो. आपल्या गड्यास परत आणणें हें तेथें साऱ्या संघाचें कर्तव्य ठरतें. बूगार्डनें सोबत्यांचें रक्षण केलें. त्यास परत आणण्याचें काम मात्र कोणाच्याच करारांत लिहिलेलें नव्हतें.

घरांतील मुलगा खेळूं लागला म्हणजे त्याच्या पदकांची चौकशी सर्वच करतात. डोक्यास मार बसला होता काय, झोंप नीट लागते काय, दुखण्यावरच्या गोळ्या कोण देतो व किती देतो, हेंही वडीलधाऱ्यांनीं विचारावें. एवढ्या धिप्पाड मुलास काय होणार, या समजुतींत मात्र कोणीं राहूं नये. बूगार्डसारखा धिप्पाड गडी त्या मैदानांत क्वचितच दुसरा असेल.