६५५३१ म्हणजे उणे अर्धा अंश

नाशिककडच्या एखाद्या शीतगृहात निर्यातीची द्राक्षे ठेवलेली असतात. तापमान शून्याच्या आसपास राखायचे. फार खाली गेले तर मणी गोठतात, वर गेले तर देठ सुकू लागतात. रात्री दोन वाजता तिथल्या नियंत्रकाच्या रजिस्टरमध्ये आकडा दिसतो : ६५५३१.

आकडा अगदी बरोबर आहे. मॉडिकॉन कंपनीने १९७९ मध्ये कारखान्यांतल्या यंत्रांसाठी आणलेल्या ‘मॉडबस’ या संवाद-पद्धतीत एका रजिस्टरात १६ बिट मावतात, म्हणजे ० ते ६५५३५. दशांशचिन्हाला जागा नाही, उणे चिन्हालाही नाही. म्हणून यंत्र बनवणारा ठरवतो, की तापमानाला दहाने गुणायचे आणि ते उणे असेल तर तेवढे ६५५३६ मधून वजा करायचे. उणे ०.५ चे होतात उणे ५ आणि त्याचे ६५५३१. हा नियम आकड्यात नसतो, यंत्राच्या माहितीपुस्तिकेतल्या तक्त्यात असतो.

तो तक्ता हाताशी धरून आकड्याचा अर्थ लावणारा मधला प्रोग्राम म्हणजे मिडलवेअर. ‘उणेही असू शकते’ एवढी नोंद राहून गेली, तर मोबाइलवर ६,५५३.१ अंश झळकतील. ही चूक निदान डोळ्यांत भरते. मला धास्ती वाटते ती गुपचूप होणाऱ्या चुकीची. दहाऐवजी शंभराने भागले, की खोलीतले ४ अंश पडद्यावर ०.४ दिसतात. सगळे आलबेल वाटते आणि माल आत खराब होत राहतो. म्हणून यंत्रणा बसवून घेताना हा तक्ता मालकाने मागून घेतलाच पाहिजे.

मिडलवेअरपासून सर्व्हरपर्यंतची वाट बहुधा ‘एमक्यूटीटी’ या संदेश-पद्धतीची. अँडी स्टॅनफर्ड-क्लार्क आणि अर्लेन निपर यांनी १९९९ मध्ये ती घडवली, तेलवाहिन्यांची खबर महागड्या उपग्रह-जोडणीवरून आणण्यासाठी. त्यामुळे काटकसर तिच्या अंगातच आहे. संदेशाचे ठरलेले शीर्ष अवघ्या दोन बाइटांतही बसते.

हुकूम उलट्या वाटेने येतो आणि खरी कसोटी तिथे लागते. फोनवरून ‘कॉम्प्रेसर बंद’ म्हटले, रेंज गेली, पोच आली नाही, म्हणून हुकूम पुन्हा गेला. तो ‘आहे त्याच्या उलट कर’ असा असेल, तर बंद झालेला कॉम्प्रेसर पुन्हा सुरू होईल! म्हणून जाणता मिडलवेअर ‘बंद राहा’ असाच हुकूम देतो. तो दहादा पोहोचला तरी बिघडत नाही. मग मिडलवेअर कॉम्प्रेसरचे रजिस्टर पुन्हा वाचतो. तिथे शून्य दिसले, तरच फोनवर ‘बंद झाला’ अशी अक्षरे उमटतात.