जुन्या बंदुकींचा पल्ला व त्याचें गणित

बखरी, कैफियती व मोहिमांचीं पत्रें चाळणारास बंदुकीच्या व तोफेच्या पल्ल्याचे उल्लेख पदोपदीं भेटतात. अमुक गडावरून गोळी इतक्या अंतरावर गेली, तमुक मोर्चा गोळ्याच्या टप्प्यांत होता, अशीं वाक्यें खरीं मानावीं कीं लिहिणाराची अतिशयोक्ति समजावीं, हा प्रश्न संशोधकापुढें उभा राहतो. बहुधा आपण तो अंदाजानें सोडवितों. तो गणितानें कसा सोडवितां येतो, हें दाखविणें एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

हा विषय हातीं घेण्यास माझीच एक चूक कारण झाली. सुमारें पंचवीस वर्षांपूर्वीं एका घराण्याच्या दफ्तरांतील बाड मला पाहावयास मिळालें. त्यांत एका वेढ्याचें टिपण होतें. गडावरील जेजालेची गोळी पाव कोसावरच्या छावणींत पडून एक घोडें जखमी झालें, असा त्यांत मजकूर होता. कोस दोन मैलांचा धरल्यास पाव कोस म्हणजे ८८० यार्ड. तोड्याच्या बंदुकीचा नेम शंभर यार्डांपलीकडे भरंवशाचा नसतो, एवढें मला ठाऊक होतें. तेवढ्याच भांडवलावर मीं ‘मजकूर अविश्वसनीय, बाड उत्तरकालीन’ असा शेरा दिला. घरच्या मंडळींनीं तो प्रमाण मानिला व बाड रद्दींत गेलें. आतां गणिताकडे वळूं.

नळींतून सुटलेल्या गोळीवर पृथ्वीचें आकर्षण तेवढें कार्य करितें असें धरिलें, तर तिचा मार्ग अन्वस्ताकार होतो. हें गॅलिलिओनें १६३८ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत सिद्ध केलें. या रीतीनें ४५ अंशांचा कोन दिला असतां, वेगाच्या वर्गास ३२·२ नें भागिलें म्हणजे पल्ला फुटांत येतो. वेग सेकंदास १,७०० फूट घेतला, तर उत्तर सुमारें १७ मैल येतें. हें उत्तर व्यवहारास सर्वथा सोडून आहे, हें सांगावयास नकोच.

ही विसंगति स्पष्टपणें उलगडून दाखविणारा पुरुष बेंजामिन रॉबिन्स हा इंग्रज गणिती होय. १७४२ सालीं त्याचा तोफविद्येवरील ग्रंथ निघाला. १७४५ सालीं ऑयलरनें त्याचें जर्मन भाषांतर विस्तृत टीकेसह प्रसिद्ध केलें. पुढें रॉबिन्स ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरींत हिंदुस्थानांत आला व १७५१ सालीं कडलूरजवळील फोर्ट सेंट डेव्हिड येथें मरण पावला.

गोळीचा वेग मोजण्याची त्याची युक्ति संस्कृत ज्योतिषाचा परिचय असणारास विशेष रुचेल. लांकडाचा जड ठोकळा झोंपाळ्यासारखा टांगावयाचा व त्यांत गोळी मारावयाची. गोळी आंत रुतते, ठोकळा मागें झुलतो व त्यास लाविलेली फीत तितकी ओढली जाते. फितीची ही लांबी म्हणजे आपल्या सिद्धान्तग्रंथांतील पूर्णज्याच होय. समजा, गोळी एक तोळ्याची, गोळीसह ठोकळा वीस शेरांचा, म्हणजे १,६०० तोळ्यांचा, व टांगणी ५ फुटांची आहे. गोळीचा वेग १,४४० फूट असेल, तर ठोकळ्यास त्याचा १,६०० वा हिस्सा, म्हणजे ०·९ फूट वेग मिळेल व फीत सुमारें सवाचार इंच ओढली जाईल. फितीवरून उलट गणित केलें कीं नळीच्या तोंडाशीं असलेला वेग निघाला. यास पुढें आपण मुखवेग म्हणूं.

ठोकळा निरनिराळ्या अंतरांवर टांगून रॉबिन्सनें वेग कसकसा घटतो हें पाहिलें. पाऊण इंच व्यासाच्या, सुमारें सव्वातीन तोळ्यांच्या शिशाच्या गोळीस १,७०० फूट वेगावर हवेचा विरोध तिच्या वजनाच्या सुमारें १२० पट होतो, असें त्यास आढळलें. म्हणून सतरा मैलांची गोळी प्रत्यक्षांत अर्ध्या मैलाच्या आंतबाहेर पडते. १८६५ नंतर इंग्लंडांत बॅशफोर्थनें दोऱ्यांचे पडदे ओळीनें उभारून, ते तुटण्याच्या वेळांवरून हवेच्या विरोधाचीं कोष्टकें बनविलीं. १८८० च्या सुमारास इटालियन अधिकारी सियाची यानें आकडेमोडीची सुलभ रीति दिली. दूरच्या निशाणासाठीं रायफलीच्या काडतुसाचें गणित करण्याच्या रीतीचा पाया हाच आहे.

या गणितास मुख्यतः चार गोष्टी लागतात: गोळीचें वजन, व्यास, आकार व मुखवेग. वजन जितकें अधिक व व्यास जितका लहान, तितकी गोळी वारा अधिक चांगला कापते. खडकीच्या १८६९ सालीं स्थापन झालेल्या दारूगोळा कारखान्यांत जीं ·३०३ चीं काडतुसें होत, त्यांपैकीं ‘मार्क ७’ ची अणकुचीदार गोळी १७४ ग्रेनची, म्हणजे तोळ्याहून किंचित् हलकी, असे. मुखवेग २,४४० फूट. तितक्याच, म्हणजे एक तोळा वजनाच्या शिशाच्या वाटोळ्या गोळीचा व्यास सुमारें अर्धा इंच भरतो व वाऱ्यास अडणारें तिचें क्षेत्र अडीचपट होतें. या वाटोळ्या गोळीस १,४०० फूट मुखवेग दिला, तर हवा नाहीं असें धरून २०० यार्डांवर ती ३ फूट खालीं येते. हवा जमेस धरिली असतां हेंच खालीं येणें सुमारें ६ फूट होतें व वेग निम्म्याहूनहि कमी उरतो. ‘मार्क ७’ ची गोळी तेवढ्याच अंतरावर सव्वा फुटाच्या आंतच खालीं येते. जुन्या बंदुकीचा नेम जवळचा कां, हें यावरून ध्यानांत येईल. तथापि नेमाची मर्यादा निराळी व गोळी जाऊन पडण्याची मर्यादा निराळी. माझी चूक झाली ती येथेंच.

डोंगरी किल्ल्यांसंबंधीं आणखी दोन गोष्टी लक्षांत घ्याव्या. पहिली उताराची. गडावरून खालीं नेम धरितांना नजरेच्या रेषेचें अंतर हा कर्ण झाला. परंतु गोळी किती खालीं येईल, याचा हिशेब स्थूलमानानें जमिनीवरील आडव्या अंतरावरून, म्हणजे भुजावरून, करावा लागतो. कर्ण धरून नेम दिल्यास गोळी डोक्यावरून जाते. दुसरी हवेची. साडेचार हजार फुटांच्या आसपास उंच असलेल्या पुरंदरच्या माथ्यावर समुद्रकांठापेक्षां हवा सुमारें अष्टमांशानें विरळ असते, म्हणून विरोधहि तितका कमी. १६६५ च्या एप्रिलांत दिलेरखानानें आधीं वज्रगड घेतला. बालेकिल्ला व माची यांवर जवळच्या उंचीवरून मारा करितां येणें किती मोलाचें होतें, हें या विचारानें अधिक स्पष्ट होतें.

एका मोहापासून मात्र सावध राहिलें पाहिजे. शुक्रनीतींत लघुनालिकेची नळी पांच वितस्तींची सांगितली आहे. अंगुळ पाऊण इंचाचें धरल्यास ती ४५ इंच होते, आणि रॉबिन्सनें हिशेबास घेतलेली नळीहि ४५ इंचांचीच! एवढ्यावरून प्राचीनत्वाचें अनुमान काढूं नये. तो भाग उत्तरकालीन असल्याचें अनेक पंडितांचें मत आहे व आकड्यांचा हा मेळ त्यास बाधक होत नाहीं. उपयोगाची नळी सोयीच्या लांबीची असावयाचीच.

आतां त्या बाडाकडे येऊं. जेजालेची गोळी तीन तोळ्यांची धरिली, तर सपाटीवर ती अर्ध्या मैलाच्या आंतबाहेर पडते. शेवटीं गोळी बरीच तीव्र उतरत असल्यामुळें आठशें फूट उंचीच्या गडावरून सुमारें शंभर यार्डांची भर पडते. विरळ हवेची थोडी भर निराळीच. म्हणजे पाव कोस ही सीमेवरची, परंतु शक्य कोटींतील गोष्ट होय. पडतांना उरलेला वेग घोड्यास जखम करण्यास पुरेसा असतो. टिपणकारानें नेम धरून घोडें मारिलें असें कोठेंच लिहिलें नव्हतें. गोळी ‘पडली’ एवढेंच त्याचें म्हणणें होतें. त्याचा शब्द नेमका होता, वाचणारा बेसावध होता.

म्हणून संग्राहकांस विनंति अशी कीं, जुनी बंदूक हातीं आल्यास तिच्या नळीची लांबी व तोंडाचा व्यास, आणि गोळी सांपडल्यास तिचें वजन, टिपून ठेवावें. कागदांत ‘टप्पा’, ‘नेम’, ‘पडली’, ‘लागली’ यांतील कोणता शब्द आहे व कोस कोणत्या मानाचा आहे, तेंहि पाहावें. हिशेब करून मगच शेरा द्यावा. चुकलेला हिशेब पुन्हां मांडतां येतो. रद्दींत गेलेलें बाड पुन्हां मिळत नाहीं.